तेसाक जातो कुठं

साहेब, बुद्धनगरचं पाणी तुम्ही कूलरला पाजलं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर गोष्ट ऐकता ऐकता तुम्ही मान डोलवाल, मधेच घड्याळ बघाल आणि शेवटी ‘छान, छान’ म्हणून चहा मागवाल. ही तुमची सवय आता रेणापूरला पाठ झाली आहे. तुमचं नाव इथं लिहीत नाही. नाव लिहिलं की तुमची बदली होणार, खुर्चीत दुसरा येऊन बसणार आणि म्हणणार, ते माझ्या आधीचं प्रकरण. तेव्हा खुर्चीनंच ऐकावं.

निवृत्ती सोनकांबळे हा रेणापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा आणि डॉक्टर लातूरला मीटिंगला गेले की अडलेल्या म्हशीच्या पोटात हात घालणारा. जिल्हा नवा झाल्यापासून डॉक्टर कायम मीटिंगलाच असायचे, म्हणून निवृत्तीचा हात कायम म्हशीत.

त्याआधी तो नांदेडला होता. तिथल्या दवाखान्यात एक हैदराबादी डॉक्टर होते. त्यांच्या क्वार्टरच्या खिडकीत रेडिओ असायचा आणि खिडकीखाली निवृत्ती त्यांच्या शेळ्यांना पाला टाकायचा. त्या खिडकीतून एके दिवशी दिवेलागणीला पियानो वाजला. पियानो ही चीज निवृत्तीनं तोवर एकदाच पाहिली होती. निजामाच्या वेळचा एक क्लब होता नांदेडात, तिथं कुत्र्याला इंजेक्शन द्यायला गेला तेव्हा. कोपऱ्यात काळं धूड उभं होतं आणि त्याच्यावर बश्यांची चळत होती. त्याला वाटलं होतं, कपाट असेल. त्या कपाटातून असलं काही निघतं, हे खिडकीखाली कळलं. शेळ्यांनी पाला संपवला, त्याच्या सदऱ्याची बाही चघळली, तरी तो हलला नाही. शेवटी निवेदकानं नाव सांगितलं. यारोमिर तेसाक. युरोपातल्या कुठल्याशा देशाचा म्हातारा. त्या देशाचं रेडिओ केंद्र आठवड्यातून एकदा त्याचं वादन लावायचं.

रेणापूरला बदली झाली आणि निवृत्तीनं पहिल्या पगारात ट्रान्झिस्टर घेतला. चांगुणा, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, “आधी पत्रं टाकायचं होतं घरावर.”

“टाकू की.”

“टाका. मग पत्र्यावर बसून ऐका.”

आता सिद्रामप्पा. बाजारात सरकी पेंडीचं दुकान, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, पोट पुढं. पेंडीचे भाव ऐकायला म्हणून त्यानं मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ आणला होता. बटण भलतीकडं फिरलं आणि तेसाक लागला. तेव्हापासून भाव बाजूला. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. पेंडीच्या व्यापाऱ्यानं असल्या गोष्टी सांगायच्या नसतात, उधारी बुडते.

दोघांची गाठ म्हशीनं घातली. सिद्रामप्पाची म्हैस अडली होती, रेडकाचं डोकं आत वळलेलं. निवृत्ती खांद्यापर्यंत आत, डोळे मिटलेले. हात आत असला की त्याला गुणगुणायची सवय होती, त्यानं बोटं घाई करत नाहीत. सिद्रामप्पा शेपूट धरून उभा.

“हे तू काय म्हणून राहिला रे?”

“काही न्हाई, अप्पा.”

“काही न्हाई कसं? पुढं म्हण. पुढं खाली उतरतंय ते.”

निवृत्तीनं डोळे उघडले. सिद्रामप्पानं इकडंतिकडं पाहिलं आणि शेपूट न सोडता पुढचा भाग स्वतः म्हणून दाखवला. बेसूर, पण बरोबर जागी उतरला. त्याच क्षणी आत डोकं वळलं. रेडकू जिवंत निघालं. दोघं शेणात बसून एकमेकांकडं बघत राहिले, चोर चोराकडं बघतो तसे.

त्या तुकड्याचं नाव पडलं म्हशीचा तुकडा. खरं नाव निवेदक सांगायचा, पण ते इंग्रजी इतकं भरभर जायचं की हाती लागायचं नाही. मग ह्यांनीच नावं ठेवली. एक मोटेचा तुकडा. एक ‘सावत्र बहिणी’, कारण त्यात दोन हात एकमेकांशी बोलत नाहीत. एकाला सिद्रामप्पानं नाव दिलं ‘अधिकमास’. लांबतच जातो, पण पुण्य लागतं म्हणून ऐकायचा.

मंडळही काढलं. तेसाक श्रोता मंडळ, रेणापूर. त्या काळात अशी श्रोता मंडळं गावोगाव होती, परदेशी केंद्रांना पत्रं लिहायची आणि त्यांच्याकडून कॅलेंडरं मिळवायची. सिद्रामप्पा अध्यक्ष, निवृत्ती सचिव, सदस्य कोणी नाही. लातूरहून रबरी शिक्का करून आणला. दर रविवारी दिवेलागणीला दुकानाची फळी अर्धी लावायची, पेंडीच्या पोत्यांवर बसायचं आणि ऐकायचं. निवृत्तीनं दुकानाच्या माळवदापासून समोरच्या लिंबापर्यंत तांब्याची तार ओढली होती. चहा समोरच्या हॉटेलातून यायचा, दोघांनाही काचेच्या ग्लासात. सिद्रामप्पाचं घर दुकानाच्या मागंच, त्याची बायको दानम्मा चुलीशीच असायची, पण चहा हॉटेलातून. घरचा चहा कुठल्या कपात द्यायचा हा प्रश्न दोघांनी मिळून हॉटेलवर ढकलला होता. त्यावर कधी बोलणं झालं नाही. तेसाकवर मात्र रोज.

आणि तेसाकवर भांडण एकच होतं. ते नीट समजून घ्या, साहेब, कारण शेवटी त्याचं उत्तर तुम्हाला द्यायचं आहे.

शॉर्टवेव्हचं स्टेशन ज्यानं ऐकलं त्याला माहीत आहे. आवाज लाटेसारखा येतो. आता कानाशी असतो, आता विहिरीच्या तळाला जातो, पुन्हा वर येतो. तेसाकचाही जायचा. म्हशीच्या तुकड्यात तर ठरल्यासारखा एका जागी जायचा. उजवा हात वर चढला की सगळं बारीक होत होत नाहीसं व्हायचं, नुसती खरखर उरायची, आणि वाटायचं आता गेला, तोच डावा हात दुरून चालत यायचा.

“हवेचा खेळ हाय तो,” सिद्रामप्पा म्हणायचा. “बातम्यांत बी जातो की आवाज.”

“बातम्यांत जातो तो हवेनं जातो, अप्पा. मान्य हाय. पण हा स्वतःहून जातो. हवेला काय कळतं कुठं जावं? हा बरोबर जिथं जायला पाहिजे तिथंच जातो.”

“दर बारीला?”

“दर बारीला थोडं इकडंतिकडं. माणूस हाय, मशीन न्हाई.”

“तू माणसांचं सांगू नको मला, तू जनावराचा कंपाउंडर.”

“जनावरांचा हाय म्हणूनच कळतं. जाणारं आन् जाऊन येणारं, दोन्ही वेगळं दिसतं.”

सिद्रामप्पाला हे भांडण चहाबरोबरची चकली होती. निवृत्तीला नव्हती. तो लहान असताना पडलेल्या दुष्काळात त्याची आई, भामाबाई, खडी फोडायला जायची. पहाटे निघताना पोरगं रडायचं, म्हणून ती मागं वळून बोलत बोलत चालायची. चुलीत राख काढ, शेळी बांध, रडू नको. आवाज बारीक होत जायचा, वळणापाशी संपायचा. अंधार पडताना त्याच वळणावर तोच आवाज बारीक सुरू व्हायचा आणि मोठा होत यायचा. भामाबाई जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. पण सातासमुद्रापलीकडचा एक माणूस काळ्या कपाटावर नेमकं तेच करतो, जाताना सांगून जातो की येतो, हे निवृत्तीनं स्वतःच्या कानानं शोधलेलं होतं. ते हवेचं निघालं, तर मग त्याच्याजवळ काय राहत होतं? खरखर. रेडिओ केंद्राला त्यानं पत्रातून विचारलं देखील. उत्तरात कॅलेंडर आलं.

मग तुम्ही आलात, नव्या जिल्ह्याचे कलेक्टर म्हणून.

जिल्हा झाला, पाट्या बदलल्या, कमानी लागल्या, मिठाई वाटली. पाठोपाठ पाऊस गेला. एक वर्ष म्हणाले, होतं असं. दुसऱ्या वर्षी नदीत झिरे खणले. तिसऱ्या उन्हाळ्यात झिऱ्यातही चिखल. टँकर आले. बुद्धनगरला, म्हणजे निवृत्तीच्या वस्तीला, टँकर दिवसाआड यायचा. त्याच्या नळाची तोटी फुटकी होती, अर्धं पाणी रस्त्यातच गळायचं. निवृत्तीनं दवाखान्यातल्या रबरी नळीचा तुकडा आणून, वरून पट्टी गुंडाळून, बैलाच्या खुराला बांधतो तशी ती तोटी बांधून दिली होती. ड्रायव्हर वीरण्णा देगलूरकडचा, निम्मा तेलगूत हसायचा. म्हणायचा, “अन्ना, माझ्या टँकरला तू लंगडं जनावर करून टाकला.”

आणि त्या उन्हाळ्यात तेसाकच्या देशानं दुष्काळी भागाला बोअर पाडायची मशीनं दिली. मैत्रीची भेट. मशीनं ताब्यात घ्यायचा समारंभ लातूरला, तुमच्या नव्या सभागृहात. मशिनांबरोबर शिष्टमंडळ, आणि शिष्टमंडळाबरोबर, शोभेला, तेसाक.

निवृत्ती एका बैलाचं शिंग कापत होता तेव्हा जीप आली. तुमचा माणूस उतरला. सफारी, हातात रुमाल, रुमाल नाकाला.

“तेसाक श्रोता मंडळाचे सचिव कोण?”

“म्या.”

त्यानं निवृत्तीच्या हाताकडं पाहिलं, मग करवतीकडं. “वकिलातीतून विचारणा आलीय. पाहुण्यांना तुमच्या मंडळाला भेटायचंय. किती सदस्य आहेत?”

“दोघं.”

“दोघंच?”

“अध्यक्ष धरून.”

तुमच्या माणसानं सुस्कारा सोडला. दोन पास दिले. पांढरे कपडे घाला म्हणाला, तिसऱ्या रांगेत बसा, हार घालायला बोलावलं तर या, नाही बोलावलं तर येऊ नका.

निवृत्ती तसाच रक्ताळल्या हातानं बाजारात गेला. सिद्रामप्पा गिऱ्हाइकाला पेंड मोजून देत होता. ऐकलं आणि हातातली पेंड खाली सोडून दिली. गिऱ्हाईक म्हणालं, अप्पा, कोण गेलं?

“कोणी गेलं न्हाई,” सिद्रामप्पा म्हणाला. “येऊन राहिलाय.”

पियानो नांदेडहून यायचा होता, त्याच क्लबातला. बश्या उतरवल्या गेल्या असणार. जुळवणारा हैदराबादहून येणार होता. निवृत्तीला त्यातलं एकच दिसत होतं. मधे रेडिओ नाही, तार नाही, सात समुद्रांची हवा नाही. तिसऱ्या रांगेतून तेसाकपर्यंत बारा-पंधरा हात. आता जाईल तो, किंवा जाणार नाही. इतकी वर्षं तुंबलेला निकाल एका संध्याकाळी लागणार होता.

समारंभाच्या दिवशी सकाळी चांगुणानं घागरी दारात मांडल्या. टँकरचा दिवस होता. तीन दिवसांचं धुणं पडलं होतं, सासऱ्याला, ग्यानोबाला, हगवण लागलेली.

“तुमच्या तेसाकला विचारा,” ती म्हणाली, “त्याच्या मशीनला पाणी लागतं का नुसतं बाजा वाजतो.”

“विचारतो.”

“आन् अंगाला वास येऊन राहिलाय. अंघोळ तर न्हाई, अत्तर तरी लावा अप्पाकडून मागून.”

अत्तर सिद्रामप्पानं स्वतःच लावलं, एसटीत. दोघं पांढऱ्या कपड्यांत, लग्नाला निघाल्यासारखे. वाटेत सिद्रामप्पा म्हणाला, “न्हाई गेला तर रडू नको.”

“गेला तर तुमी काय करताल?”

“मंडळाचं अध्यक्षपद तुला.”

“आन् पेंडीचं दुकान?”

“ते दानम्माचं हाय.”

सभागृहापाशी गर्दी, कमान, रांगोळी. रांगोळीखालची माती ओली होती. तीन उन्हाळ्यांत लातुरात ओली माती निवृत्तीनं पाहिली नव्हती. वास घ्यावासा वाटला. मागच्या अंगाला पायजमा नीट करायला म्हणून तो आडोशाला गेला, आणि तिथं टँकर उभा होता.

टँकर सगळे सारखेच दिसतात. पण ह्याच्या तोटीला रबरी नळीचा तुकडा होता आणि वरून दवाखान्याची पट्टी, दोन वेढे सरळ, एक तिरका. निवृत्तीच्या हातची गाठ. तोटीतून पाइप निघाला होता आणि भिंतीच्या कडेनं जात होता. खिडक्यांत मोठाले कूलर बसवलेले, ओळीनं, त्यांच्या वाळ्याच्या जाळ्यांतून पाणी निथळत होतं. थेंब खाली पडून नाली झाली होती. नालीवर एक कुत्रं पाणी पीत होतं, सावकाश, त्याला घाई नव्हती.

वीरण्णा चाकाच्या सावलीत बसला होता. निवृत्तीला पाहून उठला, हसला नाही.

“बुद्धनगर?” निवृत्तीनं विचारलं.

“आज कॅन्सल, अन्ना. वरून हुकूम.”

“वरून म्हणजे कुठून?”

वीरण्णानं वर पाहिलं. वर सभागृहाचं छत होतं. “मला पट्टी बांधलेला टँकर घेऊन ये म्हणले. म्हणले, तो गळत न्हाई.”

साहेब, हे वाक्य पुन्हा वाचा. तो टँकर गळत नव्हता, म्हणून नेलात.

निवृत्ती उभा राहिला. एवढ्यात सिद्रामप्पा आला, दंडाला धरून म्हणाला, “चल, सुरू व्हायलंय.” त्यानं पाइप पाहिला. तोटीची पट्टीही पाहिली, ती कुणी बांधली हे त्याला माहीत होतं. “नंतर बघू,” तो म्हणाला. “बाबा, नंतर बघू. आज तेवढं ऐकून घे.”

आणि निवृत्ती आत गेला. सोडून गेला नाही, ओरडला नाही. इतक्या वर्षांचा कान त्याला ओढत होता. तिसऱ्या रांगेत बसला आणि कूलरचा वारा अंगावर आला. थंड, वाळ्याचा वास. उन्हाळाभर घामोळ्यांनी सोललेली पाठ निवली. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची इतकी लाज वाटली की तो खुर्चीच्या कडेवर सरकला, वारा चुकवायला. वारा चुकत नव्हता. चांगुणाच्या घागरी, ग्यानोबाची अंघोळ, शेजारच्या बाळंतिणीचं धुणं, सगळं त्याच्या मानेवर येत होतं.

तुमचं भाषण झालं. तुम्ही म्हणालात, पाण्यासाठी हे शासन रक्ताचं पाणी करतंय. टाळ्या पडल्या. मग तुम्ही स्टेजवरच, पियानोच्या बाजूच्या खुर्चीत बसलात, कारण तिथं तुमचा वेगळा पंखा होता.

तेसाक आला. बुटका, खांदे पडलेले, कोटाची बटणं ताणलेली. पेंडीचा व्यापारी वाटला असता. सिद्रामप्पानं निवृत्तीला कोपर मारलं. “माझ्यासारखाच हाय की.” तेसाकनं खिशातून रुमाल काढला, पियानोच्या पट्ट्या पुसल्या, मग कपाळ पुसलं, आणि सुरू केलं.

म्हशीचा तुकडा.

पहिल्या चार सुरांना सिद्रामप्पाचं बोट निवृत्तीच्या मांडीवर ठेका धरून राहिलं. निवृत्तीनं डोळे मिटले. उजवा हात चढायला लागला. आता. आता. आणि सगळं बारीक होत गेलं, नाहीसं झालं, आणि खरखर उरली.

त्यानं डोळे उघडले. तेसाकचे दोन्ही हात चालत होते. खरखर कूलरची होती. लाइट वरखाली होत होती, तशी कूलरांची घरघर चढत होती, उतरत होती. चढली की तेसाक बुडत होता, उतरली की वर येत होता. हात हलके पडत होते का? पडत असतील. नसतील. बोटं दिसत होती, पण बोटांवरून काय कळतं? रेणापूरच्या पोत्यावर बसून जे ऐकलं तेच पुन्हा. मधे समुद्र नव्हता, हवा नव्हती. मधे बुद्धनगरचं पाणी होतं.

निवृत्ती उठला.

“कूलर बंद करा,” तो म्हणाला.

पुढच्या दोन रांगा वळल्या. तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं, “कूलर बंद करा. ते पानी आमच्या वस्तीचं हाय. आन् बाजा ऐकू येऊन न्हाई राहिला.”

तेसाक थांबला. म्हाताऱ्यानं हात मांडीवर ठेवले आणि डोळे बारीक करून पाहिलं. शेजारी वकिलातीची बाई होती, तिनं तुमच्या माणसाला विचारलं, हे काय म्हणतात. तुमचा माणूस हसला. इंग्रजीत बोलला. निवृत्तीला इंग्रजी निवेदकाएवढंच कळायचं, पण हा सावकाश बोलला, म्हणून कळलं. हे आमच्या ग्रामीण भागातले तुमचे चाहते, फार भारावून गेलेत.

बाईनं तेसाकला त्याच्या भाषेत सांगितलं. तेसाक उठला. छातीवर हात ठेवला आणि निवृत्तीकडं बघून वाकला, पार कमरेपर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोवर दोन शिपाई निवृत्तीच्या दोन्ही बगलांत हात घालून त्याला बाहेर नेत होते. टाळ्या त्याच्यासाठीच चालल्या होत्या.

सिद्रामप्पा बसून राहिला. स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत. गुडघ्यावर निवृत्तीचा पास पडला होता, तो त्यानं उचलून खिशात ठेवला.

फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडं निवृत्ती रसवंतीच्या सावलीत उभा होता. रसवंती बंदच, ऊस कुठला. थोड्या वेळानं सभागृहाची घरघर एकदम थांबली. लाइट गेली होती. त्यानं कान दिला. रस्त्यावर ट्रक, भोंगे, कमानीवरचा लाउडस्पीकरही मेलेला. तो फाटकाकडं धावला. शिपायानं काठी आडवी धरली.

“पास?”

पास सिद्रामप्पाच्या खिशात.

कार्यक्रम सुटला तेव्हा सिद्रामप्पा सगळ्यांत शेवटी आला. अंगरखा घामानं भिजलेला. दोघं बसस्टँडपर्यंत चालत गेले. एसटी निघाल्यावर सिद्रामप्पा खिडकीकडं तोंड करून म्हणाला, “लाइट गेल्यावर बी तो वाजवीत राहिला. पुन्हा तोच तुकडा, पहिल्यापासून. लोकं कार्डानं वारा घेऊन राहिले होते, पण मला आलं ऐकू.”

“मग?” निवृत्तीनं विचारलं.

“तुझं खरं, निवृत्ती. जातो तो. स्वतःहून जातो.”

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य आलं. निवृत्तीनं सिद्रामप्पाच्या मानेकडं पाहिलं. मान वळली नाही. बाजारात पेंडीत माती निघाली आणि गिऱ्हाईक दारात आलं की सिद्रामप्पाची मान अशीच असते, आणि आवाज असाच गोड.

“माझ्याकडं बघून सांगा, अप्पा.”

“सांगितलं की.”

“मी उठलो तवा का न्हाई बोलले? अध्यक्ष होते तुमी.”

 सिद्रामप्पा म्हणाला, “चांगुणाला सकाळी पाठव. माझ्या बोअरला हाय अजून पाणी. चार घागरी नेऊ दे.”

“बोअरला पानी कवापासून हाय?”

त्याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं. बोअर दुष्काळाच्या पहिल्याच वर्षी पाडलेला. रविवारी पोत्यावर बसलं की मागच्या अंगणात मोटर चालू झाल्याचा आवाज यायचा आणि सिद्रामप्पा रेडिओ मोठा करायचा.

“मला पानी नको,” निवृत्ती म्हणाला. “मला खरं सांगा.”

सिद्रामप्पानं नाही सांगितलं. कदाचित जे सांगितलं तेच खरं असेल. तेच तर वाईट झालं, साहेब. लाच म्हणून दिलेलं खरं घेता येत नाही, आणि खोटं म्हणून टाकताही येत नाही.

बुद्धनगरात बायका अंधार पडेतो रस्त्याकडं बघत बसल्या होत्या. ग्यानोबाची गोधडी तशीच पडलेली. निवृत्तीनं सगळं सांगितलं, बोअरचंही, आणि म्हणाला, जायचं नाही.

“तुमचा रुसवा तुमी प्या,” चांगुणा म्हणाली. “म्हाताऱ्याला काय पाजू?” सकाळी ती घागरी घेऊन गेली. दानम्मानं पाणी दिलं. पाइप स्वतःच्या हातात धरला, घागरीला लागू दिला नाही, पण घागरी काठोकाठ भरल्या. वर म्हणाली, रविवारी तुमचं माणूस येणार ना, म्हणावं चहा आता घरचा घेत जा.

रविवारी निवृत्ती गेला नाही. तार लिंबावरच लोंबत होती. दिवेलागणीला सिद्रामप्पानं रेडिओ लावला, मोठ्यानं, इतका की बुद्धनगरच्या तोंडापर्यंत यावा. निवृत्ती दारात बसून होता. अधिकमास चालू होता. मधे आवाज बारीक झाला, नाहीसा झाला. तो वारा होता, की सिद्रामप्पानं बटण फिरवलं, की तेसाक गेला, हे आता त्याला ओळखू येईना. जनावराच्या पोटात हात घालून अंधारात ओळखणारा माणूस, साहेब. त्याचा कान तुम्ही एका संध्याकाळी मारून टाकला. गुणगुणणंही गेलं. त्या आठवड्यात एक गाय त्याच्या हातून मेली. तिचा दोष तुमच्यावर टाकत नाही. टाकला तर तुम्ही चौकशी नेमाल.

तुमच्या पेपरात फोटो आला. छातीवर हात ठेवून वाकलेला तेसाक, आणि खाली ओळ, चाहत्याच्या डोळ्यांत पाणी. बोअरची मशीनं अजून तुमच्या आवारात आहेत, त्यांना चालवणारा मिळालेला नाही. पियानोचं काय झालं माहीत नाही. टँकर त्यानंतर दोन पाळ्या आला नाही. आला तेव्हा तोटीची पट्टी कुणी सोडून घेतली होती आणि तो पुन्हा गळत होता.

निवृत्ती तुमच्या दारात येऊन गेला. शिपायानं विचारलं, काम काय. तो म्हणाला, साहेबाला एक विचारायचंय. शिपाई म्हणाला, पाण्याचं असेल तर तिकडच्या खिडकीत. तो म्हणाला, पाण्याचं बी हाय आन् बाजाचं बी. शिपायाला वाटलं, उन्हानं डोकं फिरलंय.

म्हणून इथं विचारतो. टँकर वळवायचा हुकूम कुणाचा, हे तर सांगाच. ते न सांगता तुमची सुटका नाही. पण दुसरंही सांगा, कारण त्या सभागृहात ते सांगू शकेल असा माणूस आता एकटे तुम्हीच आहात. तुम्ही स्टेजवर होतात, पियानोला गुडघा लागेल इतके जवळ. कूलर लांब होते. लाइट गेली, घरघर थांबली, म्हाताऱ्यानं म्हशीचा तुकडा पहिल्यापासून घेतला, तेव्हा तुम्ही तिथंच होतात. उजवा हात वर चढला. पुढं काय झालं? तो स्वतःहून गेला, की जागच्या जागी राहिला?

जागे होतात ना, साहेब? मग सांगा.